पंधरावी आकृती

गणित विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, एक बाई सत्तावीस वर्षं गाठी आखत बसली होती. दारावर 'रेखाकार' अशी पाटी होती, पण विभागात सगळे तिला शाईबाई म्हणायचे, कारण तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर शाईचा डाग कायमचा बसला होता. साबणाने जात नव्हता, लिंबाने जात नव्हता, सुट्टीत पंधरा दिवस पेन हातात धरलं नाही तरी जात नव्हता. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे 'शाईबाई'. तिला दोन्ही माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ते तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

ती कामाला लागली तेव्हा त्या खोलीत तिघं होती. प्राध्यापक मंडळी पेन्सिलीने गिचमीड करून आणायची आणि ही तिघं त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून काळ्याभोर शाईत ती गिचमीड माणसांत आणायची. पुढे कॉम्प्युटर आला. एक जण निवृत्त झाला, एक जण नकाशांच्या ऑफिसात गेला, शाईबाई राहिली. का राहिली, तर सरांच्या आकृत्या कॉम्प्युटरला जमत नाहीत, असं सर सांगायचे. खरं म्हणजे सरांना कॉम्प्युटर जमत नव्हता, पण ते त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

सर म्हणजे विभागातले सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक. उंच, खांद्यात वाकलेले, स्वेटरच्या दोन्ही कोपरांना भोकं, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायची सवय. त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न एकच होता. तो शाईबाईला कुणी शिकवला नाही. आखता आखता तिला तो कळत गेला, आणि एका रविवारी तिने तो नवऱ्याला सफरचंद हातात घेऊन समजावून सांगितला.

"हे बघा, समजा ह्याच्यात अळी शिरली. सरळ नाही गेली. वळणं घेत, स्वतःच्याच वाटेच्या कधी वरून, कधी खालून जात, शेवटी निघाली तिथेच येऊन मिळाली. ही झाली गाठ. आता त्या वाटेभोवतीचा गर नळीसारखा कोरून काढायचा, त्याला पीळ द्यायचा आणि परत आत बसवायचा. बसवल्यावर मग ते सफरचंद राहत नाही. वेगळीच कसली तरी जागा तयार होते. ह्याला सर शस्त्रक्रिया म्हणतात."

"आणि पेशंट वाचतो का?" नवऱ्याने विचारलं. तो बस डेपोत मेकॅनिक होता.

"ऐका तर. प्रश्न असा, की एकाच गाठीवर दोन वेगवेगळे पीळ देऊन शस्त्रक्रिया केली, तर दोन्हीकडून एकच जागा निघेल का?"

"म्हणजे नट दोन आटे इकडे फिरवला काय नि दोन आटे तिकडे फिरवला काय, गाडी तीच?"

"हां, तसंच. लोक म्हणतात, नाही निघणार. आरशातली जोडी निघते कधी कधी, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी. पण ती धरायची नाही. आरसा न लावता हुबेहूब तीच, अशी जोडी अजून कुणाला सापडलेली नाही. सर ती शोधतायत."

"कधीपासून?"

"अठरा वर्षं झाली."

"चालू दे मग," नवरा म्हणाला, आणि ते सफरचंद त्याने खाऊन टाकलं.

आता ह्या आकृत्यांचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कागदावर गाठ काढायची म्हणजे जिथे दोरा दोऱ्यावरून जातो तिथे खालच्या दोऱ्याची रेघ जराशी तोडायची. तोडलेली रेघ खालची, अखंड रेघ वरची. अशा जागेला खोलीत 'फुली' म्हणायचे. एका गाठीत दहा-पंधरा फुल्या सहज असतात, आणि त्यातली एक जरी उलटी झाली तरी गाठ निराळीच होऊन बसते. आणि दुसरा नियम ट्रेसिंग पेपरचा. कागद उलटून मागच्या बाजूने काम करायचं असेल तर सगळ्या फुल्या बदलायच्या, कारण गाठीकडे मागून बघितलं की वरचा दोरा खाली जातो. रेघा मात्र मागूनही जशाच्या तशा तुटलेल्या दिसतात. फुल्या न बदलता नुसता कागद उलटला, तर मिळते ती गाठीची पाठ नसते, आरशातली गाठ असते. हे शाईबाईला कामाला लागल्यापासून दुसऱ्या आठवड्यात कळलं होतं. मोठमोठ्या प्राध्यापकांना मात्र डोक्यात दुसरं काही चालू असलं की त्याचा विसर पडायचा.

सहाव्या वर्षी तिने सरांची एक चुकलेली फुली पकडली आणि हौसेने वर जाऊन दाखवली. सरांनी भिंतीकडे बघत म्हटलं, "बाई, तुम्हाला आखायला ठेवलंय. वाचायला नाही."

ती खाली आली, आणि त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. पण चुकीची फुली चुकीची आखायची हे तिच्याच्याने होईना. मग ती गुपचूप दुरुस्त करायची. शाईत बरोबर, पेन्सिलीत चूक. पेन्सिलीचे कागद ती खालच्या खणात ठेवून द्यायची. सर काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांच्या लक्षातच येत नसावं, असा तिचा समज. लेख छापून यायचे, आणि शेवटी बारीक अक्षरात यायचं: 'आकृत्यांसाठी विभागाचे आभार.' विभागाचे! जशी काही विभागाच्या भिंतींना बोटं होती. दरवेळी ती ती ओळ वाचायची आणि अंक मिटून ठेवायची. तिला फार काही नको होतं. एकदा, एका तरी लेखावर तिचं नाव छापून यायला हवं होतं, आई-वडिलांनी ठेवलेलं, पगारपत्रकाखेरीज कुठेही न आलेलं नाव. हे एवढंच होतं, आणि ते एवढंसं असल्यामुळेच मागायला जीव लाजायचा.

तिच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं तेव्हा एक दिवस सर स्वतः खाली आले. सत्तावीस वर्षांत ते जिन्याखालच्या खोलीत दोनदा आले असतील. हातात ट्रेसिंग पेपरची चळत होती आणि चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

"सापडली, बाई."

अठरा फुल्यांची गाठ होती. एकदा अधिक दोन पीळ, एकदा उणे दोन पीळ. एकतीस आकृत्या. पहिली अधिक दोनवाल्या जागेची, शेवटची उणे दोनवाल्या जागेची, आणि मधली प्रत्येक आकृती आधीचीत एक छोटासा कायदेशीर फेरफार करून मिळालेली. सगळे फेरफार बरोबर असतील तर पहिली जागा आणि शेवटची जागा एकच.

"आणि ह्या वेळी," सर जाता जाता म्हणाले, "लेखावर दोन नावं जातील. माझं आणि तुमचं. इतकी वर्षं राहून गेलं ते."

ती खुर्चीवरून उठलीही नाही. उठायचं सुचलंच नाही. सर गेल्यावर तिने निब पुसली, पुन्हा पुसली, आणि कामाला बसली. नऊ दिवसांत चौदा आकृत्या झाल्या. त्या तिने आयुष्यात काढलेल्या सगळ्यांत देखण्या आकृत्या होत्या, हे ती आजही मान्य करेल.

दहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तिने पंधराव्या आकृतीचा पेन्सिलीचा कागद चौदाव्यावर ठेवला आणि तिचा हात थांबला. डावीकडचा मोठा वळसा उजवीकडे आला होता. म्हणजे सरांनी मधला एक अडलेला दोरा मागून सोडवण्यासाठी कागद उलटला होता. ते ठीक होतं, तसं करतात. पण फुल्या बदललेल्या नव्हत्या. तिने दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावून बघितले. अठरापैकी एकही बदललेली नव्हती. म्हणजे पंधरापासून पुढे सगळं आरशातलं होतं. सरांना जी मिळाली ती हातमोज्यांची जोडी होती, जी धरायची नसते. ही एखाददुसरी फुली नव्हती, की गुपचूप बदलून मोकळं व्हावं. इथे अठरा बदलल्या की पंधरावीपासूनच्या सतराही आकृत्या कोसळत होत्या आणि लेखच उरत नव्हता.

ती घोटभर पाणी प्यायली. कागद घेऊन जिना चढली. ह्या वेळी सांगायचंच, मग काय म्हणायचं ते म्हणोत, असं ठरवून चढली. सर फोनवर कुणाशी तरी बोलत होते, आणि इतक्या मोठ्याने हसत होते की व्हरांड्यातली माणसं वळून बघत होती. तिला दारात बघितल्यावर त्यांनी फोनवर हात ठेवला.

"बरं झालं आलात. तुमचं नाव पूर्ण कसं लिहायचं? मधे वडिलांचं की नवऱ्याचं?"

तिने कागद पाठीमागे धरला.

"वडिलांचं लिहा," ती म्हणाली.

बस, इतकंच झालं. ती खाली आली आणि पंधरावी आकृती जशी होती तशी शाईत आखली. आखताना ती मनाला समजावत होती, की आपल्याला काय कळतं, त्यांनी इतकी वर्षं डोकं झिजवलंय, काहीतरी बघितलं असेल त्यांनी, जे आपल्याला दिसत नाही. हे धादांत खोटं होतं. तिला चांगलं कळत होतं. तिला नाव हवं होतं आणि ते दारापर्यंत आलं होतं, आणि ते तिच्याच्याने परत पाठववलं नाही.

लेख दोन परीक्षकांनी वाचला. दोघांनी पास केला. आकृत्या इतक्या सुबक होत्या, की प्रत्येक फुली तपासावी असं बहुधा दोघांनाही वाटलं नाही. अंक आला. सरांच्या नावाखाली तिचं नाव होतं, मधे वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, सगळं एकाच टाइपात, सरांच्याइतकंच मोठं. नवऱ्याने डेपोजवळच्या दुकानातून पहिल्या पानाच्या बारा झेरॉक्स काढून आणल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. नणंदेने फोन करून विचारलं, "वहिनी, तू कसला शोध लावलास गं?" तिने सांगितलं, "गाठींचा." नणंद म्हणाली, "आमच्याकडच्या सोडवायला ये मग." सगळे हसले, तीही हसली, पण रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. त्यानंतरही महिनाभर ती अर्ध्या ताटावरून उठायची. नवऱ्याला वाटलं, पित्त असेल.

अडीच महिन्यांनी सरांना पत्र आलं. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या कुणा प्राध्यापिकेचं, पाच ओळींचं. चौदा आणि पंधराच्या मधे कागद उलटला आहे, पण फुल्या बदललेल्या नाहीत. त्यामुळे तुमच्या दोन जागा एक नाहीत, एक दुसरीची आरशातली प्रतिमा आहे. आणि ही गाठ स्वतःच आपल्या आरशातल्या गाठीसारखी आहे, म्हणून असं होणं स्वाभाविकच आहे. शेवटची ओळ होती: 'आकृत्या मात्र फारच सुंदर आहेत.'

तीन दिवस सर विभागात आलेच नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी तिला वर बोलावलं. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. नियतकालिकात छापायचा खुलासा. 'आकृत्या आखताना सहलेखिकेकडून अनवधानाने झालेल्या चुकीमुळे हा लेख मागे घेण्यात येत आहे.' खाली दोन सह्यांसाठी जागा. सरांची झालेली होती.

"दोघांची सही लागते," सर भिंतीकडे बघत म्हणाले. "तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही काही गणितातल्या नव्हे."

तिने कागद वाचला, खाली गेली, खणातून पेन्सिलीची पंधरावी आकृती काढली आणि वर येऊन त्या खुलाशावर ठेवली.

"पेन्सिल तुमची आहे, सर."

सरांनी भिंत सोडून पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "माहीत आहे मला."

"मग माझी चूक कशी?"

सरांनी पेन्सिलीचा कागद बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, "आजवर माझ्या किती फुल्या तुम्ही दुरुस्त केल्यात, बाई?"

ती चमकून त्यांच्याकडे बघू लागली.

"मला दिसायच्या. सुरुवातीला शाईची आकृती आली की मी मुद्दाम इथे बसून तिचं कच्चं काम आठवून ताडून बघायचो. तुम्ही बदललेलं दरवेळी बरोबर असायचं. मग मी तपासणं सोडून दिलं. तुमच्या हातून आलं म्हणजे तपासलेलं, असं धरून चाललो मी. वीस वर्षं. पंधरावी आकृतीसुद्धा तुमच्याच हातून आली."

तिला आधी कळलंच नाही की आपल्याला राग आला आहे. कानशिलं गरम झाली तेव्हा कळलं. वीस वर्षं हा माणूस जाणून होता! आणि ती खाली बसून समजत होती, की आपलं काम कुणाच्या गावीही नाही.

"एकदा तरी बोलायचं होतंत," ती म्हणाली.

"बोललो असतो तर तुम्ही नाव मागितलं असतंत."

असं कुणी स्वतःच्या तोंडाने सांगतं का? पण सरांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना आपण काही वाईट बोलतोय असं वाटलेलं दिसलं नाही. मग त्यांनी पुढे वाकून विचारलं, "हे तुम्हाला दिसलं नव्हतं? खरं सांगा."

"दिसलं होतं. तेच सांगायला आले होते वर. तुम्ही नाव विचारलंत."

व्हरांड्यात कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. सरांनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

तिने पेन घेतलं, पण सहीच्या जागी नेलं नाही. 'अनवधानाने' ह्या शब्दावर सरळ रेघ मारली. पट्टी न लावता मारली तरी ती रेघ सरळच आली. खाली तिने आपल्या आखीव अक्षरात लिहिलं: 'चौदाव्या आकृतीनंतर कागद उलटला आहे आणि फुल्या बदललेल्या नाहीत, हे मला आखतानाच दिसलं होतं. मी बोलले नाही.' त्याखाली सही केली. पूर्ण नाव, मधे वडिलांचं.

सरांनी वाचलं. "हे छापता येणार नाही."

"का? खोटं आहे?"

"लोक म्हणतील, रेखाकाराला दिसलं ते ह्यांना कसं दिसलं नाही?"

"मग म्हणू देत, सर. मी केलंय ते माझ्या नावावर लागू दे. पण आंधळेपणाने केलं, असं नका लिहू. तेवढं एकच मला येतं, बघायला."

सरांनी कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली. "बघतो," म्हणाले. त्या दिवशी ती घरी गेली आणि नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, पाठीमागे धरलेल्या कागदासकट. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ब्रेक गेलेला दिसूनही गाडी सोडलीस तू." मग म्हणाला, "पण कबूल केलंस. आमच्याकडे तेवढंही कुणी करत नाही." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढचा अंक यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत ती रोज धरून चालली होती, की आता छापून येईल, आता सगळ्यांना कळेल, लोक छी-थू करतील, विभागातून कदाचित नोटीस येईल. तिची तयारी झाली होती. खरं सांगायचं तर ती वाटच बघत होती. नाव येणारच होतं, भले अपराध्यासारखं येवो, पण जिला दिसलं होतं अशी बाई म्हणून येणार होतं.

अंक आल्याचं कळल्यावर ती जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयात गेली आणि रॅकपाशी उभ्या उभ्याच शेवटचं पान उघडलं. खुलासा दोन ओळींचा होता. अमुक अंकातला लेख तांत्रिक कारणास्तव लेखकाने मागे घेतला आहे. लेखक म्हणून नाव एकट्या सरांचं होतं, म्हणजे दुसऱ्या सहीची गरजच उरली नव्हती. वर्षभराच्या लेखांची यादी त्याच पानावर होती. तिथेही मागे घेतलेल्या लेखापुढे सरांचंच नाव, आणि तिच्या नावाची ओळ काढून टाकलेली. तिने यादी वरून खाली, मग खालून वर वाचली. तिचे डोळे अशा कामात चुकणारे नव्हते. नाव नव्हतंच.

ती वर गेली नाही, कारण सर काय सांगतील ते तिला उभ्या उभ्याच ऐकू आलं: बाई, मी तुम्हाला वाचवलं. आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते पटलं असतं. सत्तावीस वर्षं तिचं बरोबर काम त्यांनी स्वतःच्या नावावर खपवलं, त्याची तिला सवय झाली होती. पण एवढ्या वर्षांत तिने एकच चूक केली होती, पूर्ण शुद्धीत, उघड्या डोळ्यांनी, आणि ती माझी आहे असं सही करून सांगितलं होतं. तीसुद्धा त्यांनी तिला दिली नाही.